बोटीच्या फॉर्मवरच्या दहा टिका

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी मॅडम,
प्राथमिक आरोग्य केंद्र, निंबसांगवी,
ता. उमरगा, जि. धाराशिव.

अर्जदार : शिवलीला महालिंगप्पा हत्तरगे, वय १७ वर्षं ४ महिने, शिक्षण नववी (दहावीला बसले न्हाय), धंदा विहिरीत पडलेल्या मोटारी काढणे.

विषय : समुद्रात बुडी मारायच्या फॉर्मवर 'अपात्र' शेरा मारला त्याची चौकशी होऊन पुन्हा तपासणी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला शेरा, दि. २४ नोव्हेंबर २०२५. (कंपाउंडर गौरीशंकर यांनी तो माझ्या हातात न देता खिडकीतून सरकवला.)

महोदया,

वरील विषयाला धरून कळवते की, मी शाळा सोडली आहे, वाचणं सोडलेलं न्हाय. तुमचा शेरा मी घरी नेऊन भिंगानं बघितला. 'अपात्र' एवढंच लागतं. त्याच्या खाली कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली आहे, ती मेडिकलवाल्यालाही वाचता आली न्हाय. त्या ओळीवर माझा संशय आहे. त्याचं पुढं येईल.

१) काम असं आहे. आमच्या भागात विहिरीत मोटार पडली की चन्नबसप्पा काकांना बोलावतात. ते माझे सख्खे चुलते. त्यांना आता ऐकू येत न्हाय, म्हणून दोन वर्षं झाली, खाली मी जाते आणि दोर ते धरतात. गेल्या उन्हाळ्यात लग्नाआधीच्या शूटिंगवाल्यांचा कॅमेरा विहिरीत पडला, तो मी तिसऱ्या बुडीत वर आणला. त्याचा व्हिडिओ लई फिरला. तो बघून निकिताताईंचा फोन आला. त्या अंदमानला पाण्याखाली जायचं शिकवतात. ९ जानेवारीला त्यांची बोट निघणार आहे. सहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं, आणि रोज तीनदा पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं. खर्च त्यांच्या संस्थेचा. मी चांगली निघाले तर पुढं तिथंच काम.

२) फुकट कोण नेतंय, हा संशय आधी मलाच आला, गावाला नंतर. मी ताईंना आठ वेळा व्हिडिओ कॉल करायला लावला. बोट चारी बाजूंनी बघितली, पोरींच्या खोलीला आतून कडी लागते का ते बघितलं. लागते. मग तयारी धरली. बोट हलती म्हणून मी आठ दिवस झोक्यावर झोपले. ताई म्हणाल्या पेटी चालत न्हाय, मऊ पिशवी आण, म्हणून बियाण्याच्या पोत्याची शिवून घेतली. बोटीवर सगळे मासे खातात असं कळल्यावर आमच्या अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, दोन डझन कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायचं ठरवलं. एवढं सगळं झालं आणि तुमचा शेरा आला.

३) मला कुणी पाडलं, याचा तपास मी स्वतः केला. तो खालीलप्रमाणे.

(अ) गौरीशंकर कंपाउंडर. मी फॉर्म दिला तेव्हा ते तो लई वेळ वाचत बसले, हसले आणि म्हणाले, "दहाच्या दहा? वा." मला वाटलं कौतुक करताहेत. त्यांचा पुतण्या रणधीर यालाही बोटीवर जायचं होतं, म्हणून त्यांनीच तुमचे कान भरले असं मी धरून चालले होते आणि गावातल्या चार जणांना तसं सांगितलंही. पण रणधीर अजून पाठीला कॅन बांधून पोहतो आणि सध्या तो पुण्यात नोकरीला लागलाय. त्या चार जणांना मी परत जाऊन सांगितलं आहे.

(ब) अव्वा. तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं मी न मागता माझ्या कानात लसणाचं गरम तेल घातलं. तुमच्या केंद्राच्या आशाताई कोंडाबाई यांच्याशी ती दारात कुजबुजत होती, मी गेले की गप्प. म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोलले न्हाय. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर तळाला माझे दोन ड्रेस इस्त्री करून ठेवलेले. ज्या माणसाला पाठवायचं न्हाय ते माणूस इस्त्री करत न्हाय. अव्वा सुटली.

(क) चन्नबसप्पा काका. मी गेले तर खाली कोण उतरणार, एवढं एक कारण त्यांना पुरेसं होतं. मी त्यांना तोंडासमोर उभं राहून विचारलं. त्यांनी माझा दोर दाखवला. तो त्यांनी भावकीतल्या उत्कर्षच्या मापानं नवा बांधलेला होता. म्हणजे मी जाणार हे त्यांनी माझ्याआधी मानलं होतं.

४) मग कुणीच राहिलं न्हाय, म्हणून मी ताईंना फोन लावून भांडले. त्यांनी शांतपणे विचारलं, "शिवलीला, दहाही प्रश्नांना 'होय' कुणी लिहिलं?" मी म्हटलं, कुणीतरी मागून मारल्या असतील टिका. फोन ठेवला आणि झेरॉक्स उन्हात धरली, तर टिकांच्या शेपट्या लांब, मी मारते तशा. मूळ कागदावर शाई हिरवी. हिरवा पेन खताच्या दुकानातला, आमच्याच घरात आहे. टिका माझ्या आहेत.

५) त्याचं कारण नोंदवून घ्यावं. आमच्या घरात फॉर्मचा एकच नियम आहे, 'नाही' लिहिलं की नाव कटतं. माझी चुलतबहीण दीपाली हिनं वसतिगृहाच्या फॉर्मवर एका रकान्यात खरं खरं 'नाही' लिहिलं आणि ती घरी बसली. तेव्हापासून आमी पुढं काय विचारलंय ते न बघता 'होय' मारतो. मी तर बघूनही मारलं, कारण मला वाटलं अनुभव विचारताहेत. पाण्यात कधी शुद्ध गेली का? होय, दोन मिनिटं दम धरल्यावर डोळ्यापुढं अंधार आला होता, आणि तरी मोटार सोडली न्हाय. पाठ दुखते का? मोटार उचलणाऱ्या कुणाची दुखत न्हाय? रोज गोळ्या घेता का? दवाखान्यात मिळाल्या तर घेते. छातीचं ऑपरेशन झालंय का, यालाही मी 'होय' मारलं, ते सपशेल खोटं आहे. फॉर्मात आजार विचारलेत हे ताईंनी सांगितल्यावर कळलं. तरी सदर टिकांपैकी आठ रद्द समजाव्यात. शुद्ध गेल्याची ठेवावी.

६) राहिली कानाची. कानाला कधी इजा झाली का, यावर मी सगळ्यात मोठी टिक मारली आहे. आमच्यात पहिल्यांदा खोल तळाला गेलं की कान ठणकतो, मग आतून फट्‌ होतं आणि थोडं रक्त येतं. वर आलं की गूळखोबरं वाटतात, लसणाचं तेल घालतात आणि म्हणतात, आता बुडीवाला पक्का झाला. माझं गूळखोबरं दोन वर्षांमागच्या श्रावणात वाटलं. डावा कान. काकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्यांचे दोन्ही कान असेच पक्के झालेले आहेत.

ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. टाकी असताना श्वास कधीच धरायचा न्हाय, आणि "कान दुखला की बुडी तिथंच संपली, वर यायचं." मला ते दोन्ही पटलं न्हाय. म्हटलं, ही कसली बुडी? शहरातल्या माणसांची लाडाची बुडी. आता पटतंय, आणि मला त्याचाच राग येतोय.

७) त्या दिवशी तुम्ही माझ्या डाव्या कानात बॅटरी मारून बघितलं. उजव्याला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट लागला, मी मोजलं. मग तुम्ही "तेल कुणी घातलं?" एवढंच विचारलं आणि ती बारीक ओळ लिहिली. मी घरी येऊन घड्याळ कानाला लावलं. उजव्याला टिकटिक येते. डाव्याला अव्वा म्हणते येत असेल, नीट ऐक.

काका चारचौघांत बसतात तेव्हा सगळे हसले की एक क्षण थांबून हसतात. आधी लोकांची तोंडं बघतात, मग हसतात. हे गावात कुणाच्या ध्यानात आलेलं न्हाय, माझ्या आलंय. गेल्या आठवड्यात आमच्याकडं पाहुणे आले होते, तेव्हा मी पण तसंच हसले.

८) सबब माझी मागणी पुढीलप्रमाणे. मला पास करा अशी माझी मागणी न्हाय. सुरुवातीला होती. तेल न घालता मी येते, कान पुन्हा बघावा. पडद्याला भोक असेल तर भोक आहे असं वाचता येईल अशा अक्षरात लिहावं. भरणार असेल तर किती दिवसांनी, मोठ्या दवाखान्यात जायचं असेल तर कुठल्या, हेही लिहावं. भोक निघालं तर मी स्वतः ताईंना सांगेन की या बोटीला न्हाय, पुढच्या बोटीला. त्या म्हणाल्यात जागा राखतील. यावर माझा संशय आहे, पण तो माझा मी बघेन.

काका पालक म्हणून सोबत येतील. त्यांना फक्त सही करायला चल असं सांगितलं आहे. त्यांच्याही कानात बॅटरी मारावी. आणि उत्कर्ष रविवारी पहिल्यांदा तळाला उतरणार आहे, घरात गूळ आणून ठेवलाय. म्हणून तपासणी शनिवारच्या आत व्हावी आणि तुम्ही जे काय लिहाल ते काकांना मोठ्या अक्षरात दाखवावं. माझं तोंडाचं ते मानणार न्हायत.

उलट बोलल्याबद्दल माफी मागत न्हाय, संशय घेतल्याबद्दल मागते.

आपली नम्र, बाकावर बसून वाट बघणारी,
शिवलीला महालिंगप्पा हत्तरगे
दि. १ डिसेंबर २०२५

सोबत :
१. फॉर्मची झेरॉक्स (टिका माझ्या)
२. हिरवा पेन, पुराव्यासाठी. परत मिळावा.

ता.क. : नंबर आला की गौरीशंकर खिडकीतून नाव घेतात. मी त्या बाकावर बसते तेव्हा खिडकी माझ्या डाव्या हाताला येते. मागच्या वेळी त्यांनी तीनदा हाक मारली म्हणे, मला वाटलं ते मुद्दाम वगळताहेत. या वेळी उजव्या बाजूला येऊन हाक मारावी, ही विनंती.