भुतांच्या पुस्तकाची बांधणी

तीर्थस्वरूप मामांस,
भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच चढा, हे आईचे सांगणे. दोनदा चढलात तर तिला कळवू नका, हे माझे. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहे, फक्त तुमच्या पुस्तकाचे थोडे बरे नव्हते.

मामींना जाऊन वर्ष होण्याआधी त्यांचे इंग्रजी भूतकथांचे पुस्तक बांधून द्यायचे मी कबूल केले होते. शिवण कुजून पाने सुटी झालेली, आणि छापलेले आकडे वाळवीने नेमके खाल्लेले. (बाकीचे पान तिने सोडले, मजकूर मानवला नसावा.) अशा वेळी मी आधी प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडा टाकतो. तसा टाकायला बसलो आणि तुमचा फोन आला, झाले का म्हणून. होत आले म्हणालो, उठलो, कोपर लागले आणि दोनशे पाने दुकानभर. खोटे बोलल्याची शिक्षा इतक्या लवकर मिळते हे मला नवीन होते.

आता वाचूनच क्रम लावायचा. माझे इंग्रजी गावच्या शाळेतले. डिक्शनरी मांडीवर घेतली, देवाचे नाव घेतले आणि आठ दुपारी त्यात घातल्या. भीती वाटली नाही. शब्दाचा अर्थ सापडेपर्यंत भूत येऊन निघून गेलेले असायचे. अडचण वेगळीच होती. साध्या गोष्टीत माणूस मेला की ते पान शेवटी, एवढे मला कळते. इथे माणूस एका पानावर मरतो आणि दुसऱ्यावर चहा पितो. आधीचे कुठले ते ठरवायचे कसे? एका घरमालकाला मी आधी पुरले, मग जेवायला बसवले. ते चुकीचे वाटून आधी जेवू घातले, मग पुरले. गोष्ट सुरळीत झाली, पण तिच्यात भूत उरले नाही, म्हणून त्याला पुन्हा उपाशीच पुरावे लागले. 'हा आधी मेलेलाच बरा,' असे मी पुटपुटलो तेव्हा समोर गिऱ्हाईक बसले होते. ते परत आलेले नाही.

अखेर सगळे लागले. पुठ्ठा कापडी घातला आहे. तुम्हाला इंग्रजी येत नाही, एखादे पान इकडेतिकडे झाले तरी कळणार नाही, असे ही म्हणाली. मला ते पटले नाही. मामी शाळेत शिकवून आल्यावर तुम्हाला या गोष्टी मराठीत करून सांगायच्या; तुम्हाला प्रत्येक गोष्ट पाठ आहे.

आईचा तुम्हाला नमस्कार. गुडघ्याला जपा.
आपला भाचा

ता. क. एक पान उरले आहे. मेलेली बायको रोज चार वाजता येऊन खुर्चीत बसते, ती एकच गोष्ट शेवटावाचून राहिली, म्हणजे ते तिचेच. तुम्ही ती आम्हाला कित्येकदा सांगितलीत, आणि नवरा दोन कप मांडतो तिथे संपवलीत. पुस्तकात ती तिथे संपत नाही. पानाच्या माथ्यावर मामींच्या अक्षरात लिहिले आहे, 'हे यांना सांगायचे नाही. घाबरतात.' तुम्ही तीस वर्षे विजेच्या खांबांवर काढलीत, म्हणून मी ती ओळ दोनदा वाचली.

पुन्हा ता. क. पान पाकिटात घालून, पाकीट चिकटवून मागच्या पुठ्ठ्याला लावले आहे. आत शिवू की तसेच राहू दे, ते कळवा. ऐकायचे असेल तर वाचून दाखवायला मी येतो. भर दुपारी येतो, आणि हिलाही सोबत आणतो. मामींच्या त्या ओळीच्या पुढे मी अजून वाचलेले नाही.