मोसीन्यी काकांच्या उंबरावरचं घुबड

आदरणीय मामा,

दोन्ही हातांनी टाळी वाजवून आणि एक गुडघा जमिनीला टेकवून (पत्रात दिसत नाही, पण टेकवलाय, चिखलसुद्धा लागलाय) तुमच्या भाच्याचा, गालेबोनेचा, नमस्कार. मामा, तुम्ही कसे उठलात? मामी कशा उठल्या? गुरं कशी उठली? बोअरवेलचा पंप उठला का, की अजून आजारीच आहे? तिकडे तुमच्या कोरड्या रानात यंदा थंडी कडक पडली असं ट्रकवाला सांगत होता, तेव्हा पहिल्यांदा तुमच्या कमरेची आठवण झाली. इकडे मी चांगला उठलोय. आई उठली आहे, तिचा गुडघा मात्र तिच्यामागून बऱ्याच वेळाने उठतो. पुराचं पाणीही वेळेवर उठलं: परवा ते मागच्या बेटाला वळसा घालून आलं आणि शेजारणीची कोंबडी खुराड्यासकट फिरायला निघाली. एकूण सगळं ठीक आहे.

पत्र लिहायला तसं काहीच कारण नाही. (काम पडलं की मामाची आठवण काढणारे भाचे वेगळे, मी त्यांतला नव्हे.) मागे मी गुरांच्या वाड्यावर आलो होतो तेव्हा आपली जरा बोलाचाली झाली. लांब काठीने होडी ढकलत परक्या माणसांना बगळे दाखवणं हा काय पुरुषाचा धंदा आहे, पुरुषाच्या पुढे गुरं चालली पाहिजेत, असं तुम्ही म्हणालात. मी गप्प बसलो, कारण तोंडात तुमच्याच बैलाचं मांस होतं. पण या धंद्यातही माणसाचा कस कसा लागतो ते तुम्हाला कळावं, एवढ्याच निर्मळ हेतूने गेल्या आठवड्याची हकीकत कळवतो.

पर्यटकांच्या कॅम्पच्या मालकाने माझ्या होडीत एक डच जोडपं बसवलं. हेन्ड्रिकाबाई आणि त्यांचे यजमान योपसाहेब. दोघांचे केस पांढरेशुभ्र, दोघंही आपल्या गावच्या पंचांत शोभतील अशी. बाईंना पक्ष्यांचं वेड आणि साहेबांना बाईंचं, म्हणून ते आले होते. बगळा कुठला आणि पाणकावळा कुठला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी छाती पुढे काढून सांगितलं की या चिंचोळ्या वाटेला पाणघोडा कधीच येत नाही. तेवढ्यात समोरच्या खडकाने जांभई दिली. मी अत्यंत चपळाईने होडी मागे घेतली. इतक्या चपळाईने की ती लव्हाळ्यात घुसली, मी काठीला लोंबकळत राहिलो आणि योपसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उतरले. (पडले असं कुणी सांगेल. विश्वास ठेवू नका.) साहेब उठून उभे राहिले, टोपीवरचं कमळ काढून त्यांनी बाईंना दिलं आणि जेवणाची वेळ झाली का म्हणून विचारलं. असला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

बाईंना मी सगळं दाखवलं. मासेमार गरुड दाखवला, चिमुकले खंड्ये दाखवले, पाणी उडवत पळणारी हरणं दाखवली. पिल्लांना काखोटीला मारून, त्यांचे पाय बाहेर लोंबकळत ठेवून पानांवरून धावणारा कमळपक्षी दाखवला. तो बाप असतो, आई नव्हे, हे कळल्यावर बाईंनी साहेबांकडे असं पाहिलं की साहेब बिस्किटाचा पुडा शोधू लागले. पण बाईंचं मन कशातच पुरतं रमेना. शेवटी त्यांनी सांगितलं: एकच पक्षी बघायचा राहिलाय, त्यासाठीच एवढ्या लांब आले. मासे खाणारं मोठं तांबूस घुबड.

घुबड! मामा, मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. आपल्याकडे ज्याच्या झाडावर ते बसतं त्याच्या घराबद्दल लोक काय काय कुजबुजतात हे तुम्हाला सांगायला नको. आणि ही बाई पैसे मोजून, समुद्र ओलांडून ते बघायला आलेली. आता तसं घुबड कुठे बसतं ते मला माहीत होतं. (कसं माहीत, ते विचारू नका. धंद्याची काही गुपितं असतात.) अडचण अशी, की ते बसत होतं मोसीन्यी काकांच्या अंगणातल्या उंबरावर.

मोसीन्यी काका कोण, हे तुम्हाला आठवत नसेल. लाकडाची होडी कोरणारे आमच्या भागातले शेवटचे कारागीर. आमच्या प्लास्टिकच्या होड्यांकडे बघून ते अजून थुंकतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पण मान ताठ. त्यांना एक मुलगी आहे, बोनोलो, दवाखान्यात काम करते. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. पहिल्यांदा औषध घ्यायला गेलो तेव्हा मला काहीही झालेलं नव्हतं आणि त्यानंतर मी आजतागायत बरा झालेलो नाही, एवढंच. मोटरबोट चालवणाऱ्या ओरातिलेचाही तिच्यावर डोळा आहे. त्याचे मामा शेजारच्याच बेटावर राहतात आणि मागणी घालायला कोट झटकून तयार बसले होते. ओरातिलेचं नाव काढलं की बोनोलो सुई जरा जोरात टोचते. पण तिच्या नाराजीने काय होणार? काकांचा नियम साधा: जे आधी येतील त्यांचं आधी ऐकायचं, त्यांचं संपेपर्यंत दुसऱ्यांना फाटक बंद.

आणि मी तर त्या अंगणात पाऊलही टाकू शकत नव्हतो. ज्याच्या मामांनी अजून तोंड उघडलं नाही अशा पोराने मुलीच्या दारात काय म्हणून जायचं? बरं, घुबड बघायला आलो असं सांगावं, तर वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर 'तुमच्या घरात चेटूक आहे' म्हटल्यासारखं. म्हणून मी एक बेत केला, आणि मामा, तो सगळा माझ्याच डोक्यातून निघाला. भल्या पहाटे जायचं, तेव्हा पक्षी खालच्या फांदीवर असतो. कुंपणाबाहेरून बघायचं, काम झालं की निसटायचं. गारठा होता म्हणून बाईंच्या खांद्यांवर कॅम्पमधली चौकड्यांची घोंगडी टाकली, डोक्याला रुमाल बांधला. साहेबांना त्यांचा काळा कोट घालायला लावला. किती विचारी आहे मी, असं मला स्वतःलाच वाटलं.

तुम्ही हसताय का मामा? तुम्हाला तिथे बसल्या बसल्या दिसलं. मला मात्र फाटकाशी पोचेपर्यंत दिसलं नाही. पहाटेची वेळ, पांढऱ्या केसांची बाई, खांद्यावर घोंगडी, डोक्याला रुमाल, सोबत कोट घातलेला वयस्क पुरुष. आपल्याकडे अशी माणसं अशा वेळी एकाच कामासाठी कुणाच्या दारात उभी राहतात: मुलगी मागायला. काका धुक्यातून डोळे बारीक करून बघत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात बाई घुबडाच्या ओढीने सरळ आत गेल्या आणि उंबरासमोर जमिनीवर बसल्या. साहेबही टोपी काढून शेजारी बसले.

काका माझ्यावर कडाडले, "तू कशाला आलास रे पुढे पुढे करत? मोठी माणसं तुझ्यासाठी मातीत बसलीत आणि तू बघत उभा? लाज आहे का? हो तिकडे, बकऱ्यांच्या कुंपणामागे!"

गेलो. नवऱ्या मुलाने तिथे थांबायचं नसतं हे मलाही कळतं. पण आता पाहुण्यांचं बोलणं काकांना सांगणार कोण? मी बकऱ्यांमध्ये बसून घाम पुसत होतो. आणि पाहुणे? पक्षी बघणाऱ्या माणसांची तुम्हाला कल्पना नसेल मामा. ती दगडासारखी बसतात. हलत नाहीत, खोकत नाहीत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. काका आणि त्यांची बहीण, बोनोलोची आत्या, समोर चटईवर येऊन बसली, ऊन वर आलं, तरी बाईंच्या तोंडून शब्द नाही.

"बघ, बघ," काका बहिणीच्या कानात सांगत होते, आणि त्यांची कुजबुज म्हणजे आपल्या दोघांची आरोळी, "याला म्हणतात खानदान! केव्हाची बसलीयेत, एक अवाक्षर नाही. नाहीतर तुझे व्याही, फाटकातून बडबडत आले होते."

"माझ्या व्याह्यांना मध्ये आणू नकोस," आत्या म्हणाली.

एवढ्यात वरून एक अर्धा खाल्लेला मासा धपकन साहेबांच्या मांडीपाशी पडला. काकांनी मान वर केली असती तर सगळं संपलं होतं. पण त्यांना कमी दिसतं ते त्या दिवशी देवासारखं धावून आलं. "अरे वा! मासासुद्धा आणलाय!" असं म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी स्वीकारला आणि आत्याकडे दिला. साहेबांनी नम्रपणे मान झुकवली. त्यांना वाटलं, इथली रीत असेल.

त्याच वेळी घुबडाने डोळे उघडून बाईंकडे पाहिलं. मोठे काळेभोर डोळे, मामा, मी कुंपणामागून पाहिले, आणि खरं सांगतो, मला त्यात काही चेटूक दिसलं नाही. बाईंच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्या इंग्रजीत जेमतेम दोन शब्द पुटपुटल्या. काका अस्वस्थ झाले. "काय झालं? काय म्हणतात त्या?" आता इंग्रजी येणारं घरात एकच माणूस, आणि ज्या मुलीची बैठक तिने तिथे फिरकायचं नसतं. पण ती दिसली नाही म्हणजे ती तिथे नव्हतीच, असं आत्याने ठरवून टाकलं, आणि स्वयंपाकाच्या जागेभोवतीच्या बोरूच्या कुंपणाआडून बोनोलोचा आवाज आला.

"त्या म्हणतात, मुलाचे मामा दूर गुरांपाशी अडकलेत, म्हणून त्यांनी आम्हाला पुढे पाठवलं. पुढच्या शनिवारी पहाटे ते स्वतः येणार आहेत. मामांचा या पोरावर इतका जीव आहे, दिवसरात्र त्याचे गुण गात असतात, की त्याचं नाव काढलं की आम्हालाच रडू येतं."

"एवढं सगळं त्या दोन शब्दांत?" काका म्हणाले.

"इंग्रजी तसलीच असते बाबा. घट्ट."

काकांनी बराच वेळ मान हलवली. मग ज्वारीचा घाटा आला, पिठाचे तळलेले गोळे आले, घुबडाचा मासाही शिजून आला. साहेबांनी बोटं चाटत दोनदा मागून घेतलं, तेव्हा आत्याने त्यांना भाऊ मानलं. काकांनी तिथूनच ओरातिलेकडे निरोप धाडला: शनिवारपर्यंत आमच्याकडे बोलणी चालू आहेत, त्यानंतर बघू. परतताना मी होडीत उभा राहून मोठ्याने गात होतो, इतका की बगळे उठले आणि बाईंनी एकदाही रागावून पाहिलं नाही. मामा, आनंद म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, बाकी काही नाही.

मामींना नमस्कार, गुरांना पाठीवर थाप.

तुमचा, पाण्यात राहूनही तुमचाच,
गालेबोने

ता. क. हे पत्र आणणारा ट्रक गुरुवारी परत फिरतो. त्यात ड्रायव्हरशेजारची जागा तुमच्यासाठी धरली आहे. शनिवारी पहाटे तुम्ही काकांच्या फाटकाशी नसलात तर रविवारी ओरातिलेचे मामा असतील, आणि मग मी कुठे असेन ते मलाच माहीत नाही. वडिलांकडची मंडळी तयार आहेत, पण मामाशिवाय ती फाटकाबाहेर उभं राहण्यापुरतीच. कोट नसेल तर योपसाहेब त्यांचा ठेवून गेलेत, बाह्या दुमडाव्या लागतील. मुलगी मागताना 'पाण्याचा भोपळा मागायला आलो' हे कसं म्हणायचं ते तुम्हाला शिकवणारा मी कोण?

आणखी एक ता. क. तुम्ही दिवसरात्र माझे गुण गाता, असं तिथे ठरलेलं आहे. तेव्हा काठी आणि बगळ्यांबद्दल तुमचं जे काही म्हणणं असेल ते वाटेत ड्रायव्हरला सांगून संपवा. आणि मेहरबानी करून उंबराकडे बघू नका.

शेवटचा ता. क. मामा, मी बोनोलो. ट्रक दवाखान्यावरून सुटतो म्हणून पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस असं बजावलं, म्हणून वाचलं. साहेब पडलेच होते, बाकी बहुतेक खरं आहे. फक्त एवढंच, की उंबरावर घुबड बसतं हे त्याला मी सांगितलं. पहाटे बरं दिसतं, हेही मीच. पाहुण्यांना घोंगडी दे, बाईंच्या डोक्याला रुमाल बांध, साहेबांना कोट घालू दे, हे सगळं मी त्याला वेगवेगळ्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं. त्याला वाटतं की सगळं त्यालाच सुचलं. वाटू दे, फार चांगला माणूस आहे. तुम्ही रागवाल म्हणून गेला अख्खा हिवाळा आणि हा अर्धा हिवाळा त्याने तुम्हाला पत्र लिहायचं टाळलं. मला आणखी एक हिवाळा थांबायचं नव्हतं. तुम्ही या. बाबांशी बोलताना कुठे अडलात तर घाबरू नका, नुसते गप्प बसा. पुढचं मी कुंपणाआडून सांगेन.