ज्याचा हात, त्याची काठी

मी, एनिड मे क्वार्म्बी, वय एकोणऐंशी, कै. लेनर्ड क्वार्म्बी यांची पत्नी, राहणार बार्कर्स आर्म, तळ्याकाठचे शेवटचे लाकडी घर, टास्मानिया, असे लिहून ठेवते की गुडघे सोडले तर माझे सर्व काही ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हा लेख मी राजीखुशीने करत आहे. दडपण आणून माझ्याकडून काही करून घेणे आजवर कोणाला जमलेले नाही. लेन असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था माझी मुलगी रॉझलिन हिने पाहावी. ती होबार्टला असते, कामाला चोख आहे. हे वाचून दाखवताना माझा दीर क्लॅरेन्स, म्हणजे क्लॅरी, याला खोलीत बसवावे आणि मोठ्याने वाचावे, कारण त्याला कमी ऐकू येते. तो कित्येक वर्षे आमच्या मागच्या खोलीत राहतो. घर माझ्या नावावर आहे, त्याच्या नावावर छप्पर म्हणून नाही. मी गेल्यावर आपले काय होणार, हे त्याने मला कधी विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलेले नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक रॉझलिनला. जॅम करायचे मोठे पातेले गावच्या हॉलला द्यावे. मात्र जर्दाळूच्या जॅममध्ये भोपळा ढकलून पहिले बक्षीस नेणाऱ्या बाईच्या हाती ते पडू नये. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे.

कलम ३. होडी गळते. ज्याला हवी त्याने न्यावी, पाणी उपसायचा डबाही बरोबर न्यावा.

कलम ४. गळाच्या काठ्या. या दोन आहेत, एक माझी, एक लेनची, आणि यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या तळ्यावरचा नियम असा: सोबत दोन काठ्या नेल्या तर कोणी हटकत नाही. पण पाण्यात गळ टाकायचा तो माणशी एकाच काठीने, आणि ती काठी ज्याची त्याने सांभाळायची. लोकांची गफलत इथेच होते. मासेमारीचे परवाने दोन, म्हणजे काठ्या दोन, असे ते धरून चालतात. मीही तसेच धरून चालले होते.

लेनला अर्धांगवायू झाला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उन्हाळ्यात मी त्याला खुर्चीत घालून पाण्याशी नेत असे. त्याचा गळ मी टाकायची, काठी त्याच्या शेजारी जमिनीत रोवलेल्या बेचक्यात टेकवायची, आणि मग माझा गळ टाकायची. त्याचा परवाना त्याच्या खिशात होता. तो काठीच्या टोकाकडे बघत बसायचा, आणि मला तेवढे पुरत होते.

एका शनिवारी मासेमारी खात्याचा तपासनीस आला. पोरसवदा होता, पण बोलायला नम्र. लेनपुढे वाकून त्याने विचारले, "आजोबा, मासा लागला तर काठी कोण उचलणार?"

लेनने माझ्याकडे पाहिले.

"मी उचलीन," मी म्हटले.

"मग बाई, दोन्ही काठ्या तुमच्याच झाल्या. या खेपेला नुसतं सांगतोय. पुढच्या वेळी जप्त कराव्या लागतील."

लेनची दोरी त्याने स्वतःच गुंडाळून दिली. लेनने मान पाण्यावरून वळवली ती घरी येईपर्यंत तशीच.

रात्री जेवायच्या टेबलावर क्लॅरी म्हणाला, "फोन मी केला होता."

"सख्ख्या भावाची चुगली केलीस?"

"चुगली कसली त्यात? उद्या जो तो म्हाताऱ्यांना खुर्च्यांत बसवेल आणि दोन-दोन गळ टाकेल. तळ्यात मासा उरेल का?"

"अरे, वर्षाकाठी दोन मासे धरतो तो!"

"दोन तर दोन. नियम काय माणूस बघून असतो, एनिड?"

मी त्याच्यापुढची मटणाची बशी उचलली आणि कुत्र्याला घातली.

पुढच्या शनिवारी क्लॅरी रिकाम्या हाताने पाण्यावर आला. मिसरूड फुटल्यापासून त्याने एक शनिवार चुकवलेला नव्हता, म्हणून मला वाटले, काठी विसरला. तो लेनला खेटून बसला. लेनचा निर्जीव उजवा हात उचलून त्याने काठीच्या मुठीवर ठेवला आणि वरून आपले दोन्ही हात आवळले.

"मी विचारून आलोय," तो मला म्हणाला. "आधार दिलेला चालतो. काठी मात्र त्याच्या हातात पाहिजे. तू तुझी काठी घेऊन तिकडे लांब जा. ही लेनची आहे."

लेन जाईपर्यंत सगळे उन्हाळे हेच चालले. क्लॅरीने त्या काळात स्वतःचा गळ एकदाही टाकला नाही. टाकणार कोणत्या हाताने? एकदा चांगला मोठा ट्राउट मासा लागला. दोघे भाऊ एका काठीला लोंबकळले आणि लेन मोठ्याने हसला. आजारपणानंतर मी त्याचे हसणे ऐकले ते तेवढेच.

क्लॅरी, चुगली मी माफ केलेली नाही आणि या लेखानेही करत नाही. पण त्या हसण्याबद्दल मी तुझी फार फार आभारी आहे. दोन्ही गोष्टी तूच केल्यास, त्याला मी काय करू?

लेनची काठी क्लॅरीला द्यावी. माझी रॉझलिनला.

कलम ५. घर रॉझलिनचे. परंतु क्लॅरी हयात असेपर्यंत ते विकू नये, भाड्याने देऊ नये आणि त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात धाडू नये. जावयाने गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे, हे मला माहीत आहे. त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवावे. क्लॅरीचे हात आता थरथरतात. रॉझलिन, जमेल त्या शनिवारी येत जा. हे बंधन नाही, आईची विनंती आहे.

सहीपूर्वी स्वहस्ते वाढवलेला मजकूर: आज साक्षीला शेजारीण मरी डन्फी आली. दुसरा साक्षीदार मिळेना, तेव्हा क्लॅरी आपले पेन काढून पुढे झाला.

"मी करतो की सही. घरातलाच तर आहे."

"तुझी चालणार नाही."

"का नाही? मी काय..." एवढे बोलून तो थांबला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, हा नियम त्यानेच मला कधीतरी सांगितलेला आहे. पेन परत ठेवायला त्याला खिसा सापडेना. मग तो बाहेर गेला आणि गॅसची टाकी उतरवणाऱ्या माणसाला हाताला धरून आत घेऊन आला.

सही: एनिड मे क्वार्म्बी

आम्हा दोघांसमक्ष एकाच वेळी सही केली:
१. मरी डन्फी, शेजारीण
२. डार्को वुकिच, गॅस पोहोचवणारा

ठिकाण: बार्कर्स आर्म
दिनांक: १४ मार्च २०१९