धरायचं काम माझं

६ जानेवारी, सोमवार
कंपाउंडर गेला. गुडघ्यांनी दगा दिला, मुलाकडे राहायला गेला. हे म्हणाले, नवा माणूस बघायला हवा. मी लगेच पुढे — कशाला हवाय नवा? जनावर धरायचं तर असतं! पोरांना मांडीत दाबून नाकात औषध घातलंय मी. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. पगार वाचेल.
हे एवढंच म्हणाले, "पोरं चावत नाहीत."
धाकटा चावायचा. पण ते असो.

७ जानेवारी
पहिलं गिऱ्हाईक — बोका. मी काल हौसेने दवाखान्यातले सगळे टॉवेल फिनेलात बुचकळून काढले होते. स्वच्छतेत देव असतो. बोका मात्र नसतो. त्याला टॉवेलात गुंडाळायला गेले तर वास येताच जो उसळला, तो माझ्या खांद्यावरून थेट औषधांच्या कपाटावर!
"अगं, मांजराला फिनेल म्हणजे विष," हे म्हणाले. "आणि त्याचं नाक ते! तुझ्या तोंडावर असला बोळा धरला तर काय करशील?"
मीही कपाटावर गेले असते. पोचले नसते, एवढंच.
टॉवेल पुन्हा धुतले, साध्या साबणाने. दुप्पट पाणी, दुप्पट साबण, वर ओरखडे. काटकसर अशी सुरू झाली.

९ जानेवारी
सगळ्या चुका एकाच कुत्र्यावर. समोरून गेले. अंगावर वाकले. डोळ्यांत डोळे घालून "अले माझ्या छोन्या" केलं. हे मागून — "बाजूने जा. वाकू नकोस. टक लावू नकोस. त्याला वाटतं, भांडायला आलीस."
ह्यांनाही इतकी वर्षं तसंच वाटत आलंय. पण हे गुरगुरत नाहीत.
तोंडाला पट्टी बांधायची तर वेढा नाकावर, मग हनुवटीखालून, आणि गाठ कानांमागे. मी नाकावरच सुरेख फूल बांधलं. कुत्र्याने पंजाने ओढून काढलं आणि खाल्लं.

१३ जानेवारी, सोमवार
शिंप्याची कुत्री आली. बायको गेल्यापासून शिंपी एकटा. घरात ही कुत्रीच. तो तिला 'मालकीणबाई' म्हणतो. "मालकीणबाईंना विचारल्याशिवाय मी जेवत नाही हो वहिनी."
मालकीणबाईंना गाठ झाली आहे. दर सोमवारी पायाच्या नसेतून औषध द्यायचं, काही आठवडे. गाठ विरघळते म्हणे, पण औषध जहाल. नसेबाहेर गेलं तर मांस जळतं. म्हणजे पाय तसूभरही हलता कामा नये. ते काम माझं!
एक हात तिच्या गळ्याखालून, डोकं माझ्या खांद्याशी. दुसऱ्या हाताने कोपरामागून पाय पुढे ढकलायचा आणि अंगठ्याने वर नस दाबायची. सगळं केलं. श्वाससुद्धा धरला.
"हललीस," हे म्हणाले. सुई बाहेर. पुन्हा टोचली. "परत हललीस!" तिसऱ्यांदा लागली.
शिंपी भिंतीकडे तोंड करून उभा. जाताना हळूच म्हणाला, "वहिनी, जरा घट्ट धरा हं. मला एवढीच आहे."

१५ जानेवारी
लेकीचा फोन. "आई, तू कुत्री धरतेस? तुला झुरळ मारवत नाही!"
"झुरळाची नस शोधावी लागत नाही," म्हटलं.
दुपारी उशीवर सराव केला. गळ्याखालून हात, डोकं खांद्याशी, मान माझ्याकडे. शेजारीण दारातच थबकली. "येऊ का मागनं?" म्हणाली. आता हे गल्लीभर होणार.

१७ जानेवारी
डोकं चाललं, एकदाचं! टेबल पत्र्याचं, गुळगुळीत. जनावराचे पाय घसरतात, म्हणून ते धडपडतं. न्हाणीतलं जुनं रबरी पायपुसणं कापून अंथरलं. कालचं पिसाळल्यासारखं करणारं पिल्लू आज चारी पायांवर गप्प उभं राहिलं. हे म्हणाले, "वा." एक अक्षर, पण मी लिहून ठेवते. वारंवार मिळण्यातलं नाही.

२० जानेवारी, सोमवार
मालकीणबाई पायपुसण्यावर छान बसल्या. मी त्यांच्या कानाशी हळू आवाजात नामस्मरण लावलं. त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. देवापुढे बसून माझं मन इतकं लागत नाही!
तरी सुई चुकली. दुसऱ्यांदा लागली असं वाटलं, औषध सुरू केलं, आणि थोडं बाहेर गेलं. ह्यांनी झटकन थांबवलं. "अगं, हलतेस कशी तू!"
मी हलले नव्हते असं वाटत होतं. पण वाटण्याचं काय! गाताना मी सुरात आहे असंही मला वाटतं.

२२ जानेवारी
शिंपी कुत्रीला उचलूनच घेऊन आला. पाय सुजलाय, लाल जखम. हे म्हणाले, "हिला अजून सवय नाही."
शिंपी म्हणाला, "नाही हो, वहिनी करतात तेवढं."
रागावला असता तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही. देवाला म्हटलं, हात दिलेस, त्यात थोडा दगड घालायचा होतास.

२३ जानेवारी
ह्यांना सांगितलं, पगार गेला खड्ड्यात, नवा माणूस बघा. माझ्यापायी मुकं जनावर पाय गमावून बसेल.
"नको," हे म्हणाले. "तूच बरी."
एवढी शाबासकी! ती सुद्धा मी नापास झाल्यावर.

२७ जानेवारी, सोमवार
कुत्री पायाला हात लावू देईना. म्हणून आज आधी मांडीत भुलीचं इंजेक्शन. टेबलावर गाढ झोपली, जीभ बाहेर. नस फुगायला दुसऱ्या पायाला रबर बांधलं. धरायचं काही उरलंच नाही. मी हात मागे घेऊन उभी. शिंपी बाहेर बाकावर.
सुई चुकली. पुन्हा चुकली. इतके दिवस मी कुत्रीकडेच बघत होते. आज पहिल्यांदा ह्यांच्या बोटांकडे बघितलं.
"हललीस," हे म्हणाले.
"हो," मी म्हटलं. "माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. हिला मोठ्या दवाखान्यात पाठवू या."
"बरं," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला पेन माझ्यापुढे केलं.