पहिलीच्या बाई

पिस्कॅटवे,
१७ ऑगस्ट

प्रिय आई,

हे पत्र रोशनीकडून वाचून घेऊ नकोस. तू स्वतः वाच, बोट ठेवून. वेळ लागला तरी चालेल. म्हणूनच अक्षर मोठं काढलंय आणि ओळींमध्ये जागा सोडलीय. फोनवर सांगायचा प्रयत्न केला. या आठवड्यात तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू "जेवलीस का?" विचारल्यावर मी "हो" म्हटलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला.

आम्ही ठीक आहोत. अनुपची पाठ अजून दुखते, पण खुर्ची बदलल्यापासून कुरकुर कमी आहे. गॅलरीतल्या कुंडीत मेथी आली, एका जुडीची भाजी झाली. रविवारची मराठी शाळा पुन्हा सुरू झाली. माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तरं देतात, आणि दोघांनाही वाटतं आपलं बरं चाललंय. गेल्या रविवारी धडा होता, 'माझी ओळख'. फळ्यावर मी लिहिलं होतं, "माझी आई ______ आहे." मुलं रिकामी जागा भरत होती. मी मात्र फळ्याकडे पाठ करून उभी होते. का, ते सांगायलाच हे पत्र आहे.

कोलोनचे फोटो तू पाहिलेस. नदीवरचा पूल, त्याच्या जाळीला लोकांनी लावलेली हजारो कुलुपं, आणि अनुप आपलंही एक कुलूप लावतोय तो फोटो. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच असे फिरायला गेलो. अनुपने सगळं आखलं होतं. बोटीतून नदीची सफर, चॉकलेटचं संग्रहालय, कुठल्या बेकरीत कुठला ब्रेड. त्याच्या घरात सुट्टीला फिरायला जातात. आपल्या घरात सुट्टी म्हणजे शाळेचे पाण्याचे माठ घासून पालथे घालायचे दिवस. पहिले दोन दिवस मला नुसतं हिंडणं जमेना, सारखं वाटे की काहीतरी काम राहिलंय. तिसऱ्या दिवशी मात्र मी खूश होते आई, खरंच खूश होते. आणि त्याच दिवशी ते झालं.

तिथे एक प्रचंड चर्च आहे. मनोऱ्यावर चढायला पाचशे तेहतीस पायऱ्या. गोल गोल अरुंद जिना, वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. अर्ध्याहून वर गेल्यावर घंटांची खोली लागते. त्यातली मोठी घंटा आपल्या स्वयंपाकघराएवढी आहे, अगदी खरं सांगते. ती मोजक्याच सणांना वाजते म्हणे. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला आपल्या तीन नंबर शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा आठवला, आणि तुझ्या हातातला हातोडा. मी अनुपला म्हटलं, "आई इथे असती ना, तर पहिलं विचारलं असतं, हिचा हातोडा कुठाय?"

मागून कोणीतरी हसलं. "अगंबाई, मराठी!"

त्या शुभाकाकू. नाशिकच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, सहल कंपनीबरोबर आलेल्या. दम लागून त्या कठड्याला टेकल्या होत्या, त्यांचा ग्रुप वर निघून गेला होता. अनुपने त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "ते झेंडावाले गाइड पळतात नुसते. जाऊ दे त्यांना, मला काय ऑलिंपिकला जायचंय?" मला त्या लगेच आवडल्या. आम्ही तिघं तिथेच बोलत बसलो. त्या म्हणाल्या, "तुझी भाषा किती स्वच्छ आहे गं. अमेरिकेत राहूनसुद्धा! घरातलंच वळण असणार."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुला माहीत आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला मुली हसल्या होत्या आणि मी वर्षभर रेडिओवरच्या बातम्या मोठ्याने म्हणून दाखवायचे. तू म्हणायचीस, "काय गं, रेडिओला उलटं शिकवतेस का?" ते वळण घरातलं नव्हतं, कमावलेलं होतं. मी काकूंना म्हटलं, "माझी आई सिन्नरला नगरपालिकेच्या शाळेत होती, तीस वर्षं. तिथे..."

"तरीच!" काकू म्हणाल्या. "शिक्षिकेची मुलगी. म्हटलंच मी."

आई, माझं वाक्य अर्धं झालं होतं. पुढचे शब्द जिभेवर होते. तेवढ्यात तासाचे टोल पडले, सगळी खोली हादरली, बोलणं अशक्य झालं. ते थांबेपर्यंत मला विचार करायला भरपूर वेळ होता. ऐकू आलं नाही, सुचलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. टोल थांबले. काकूंनी विचारलं, "कितवीला शिकवायच्या?" आणि मी म्हटलं, "पहिलीला."

अनुप माझ्याकडे बघत होता. वर पोचल्यावर सगळं शहर पायाखाली दिसत होतं, आणि त्याने फक्त एवढंच विचारलं, "का पण, यार?" मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, तुला काय कळणार, तुझी आई प्राध्यापक आहे.

खरं तर मी ते आधी कधीच लपवलं नव्हतं. इथल्या विद्यापीठाच्या अर्जात माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, 'माझी आई शाळेची घंटा वाजवते.' शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत ते सांगितलं. एप्रिलमध्ये इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलले, तेव्हाही तुझंच नाव घेतलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जिथे तुझ्या घंटेने माझं काम होत होतं, तिथे ती मी जोरात वाजवली. एका अनोळखी बाईने माझं कौतुक केलं, ते कमी होऊ नये म्हणून मी तुलाच बदललं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. खाली उतरल्यावर मी दुकानातून तुझ्यासाठी ती छोटी पितळी घंटा घेत होते. काकूंनी पाहिलं. "आईला ना? दे माझ्याकडे. सिन्नरला माझी नणंद असते, मला जायचंच आहे. कुरिअर कशाला करतेस?" मी नको नको म्हटलं. पण भारतात जाणाऱ्या माणसाने आपण होऊन पिशवी मागितली, तर नाही कशी म्हणायची? आपण सगळे असंच एकमेकांच्या बॅगांमधून लोणची आणि औषधं पाठवतो. काकूंनी डबा हातातून काढूनच घेतला. मी रोशनीचा नंबर दिला. वाटलं, रोशनी बसस्टँडवर जाऊन घेईल, तुमची भेटच होणार नाही. तुला आधी फोन करून खरं सांगायला हवं होतं. रोज उद्यावर ढकललं.

काकू घरीच आल्या. गेल्या रविवारी शाळेबाहेर गाडी लावली आणि त्यांचा व्हॉइस मेसेज ऐकला. "रेणू, किती छान आहेत गं तुझ्या आई! हाडाच्या शिक्षिका. मी विचारलं, बाई, नातवाला लिहायचा कंटाळा आहे, काय करू? तर म्हणाल्या, वही काढून घ्या, पाटी द्या. पुसता येतंय म्हटलं की पोर चुकायला भीत नाही. इतक्या वर्षांत मला कोणी असं सांगितलं नव्हतं." तुझी घंटा शेजारच्या सीटवर वाजत असावी तसं ते माझ्या कानांत घुमत राहिलं. मग मी वर्गात गेले आणि फळ्यावर ते रिकाम्या जागेचं वाक्य लिहिलं.

त्या दिवशी रोशनीला फोन केला. ती आधी हसत होती. म्हणाली, "दारातच त्या म्हणाल्या, नमस्कार बाई, पहिलीचा वर्ग म्हणजे अवघड काम हो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझा हात दाबला. म्हणाली, या ना, बसा." मग हसणं सोडून म्हणाली, "ताई, आई बसलीच नाही. तासभर भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं गुडघ्यांमुळे. त्या गेल्यावर कळलं, तिच्या पाठीमागे ती फ्रेम होती."

ती फ्रेम मीच करून आणली होती, माझ्या पहिल्या पगारातून. सेवापूर्तीचं सन्मानपत्र. 'श्रीमती कमला रामभाऊ गांगुर्डे, शिपाई.' तू तुझं नाव पाठीने झाकून तासभर उभी राहिलीस, त्या गुडघ्यांवर, कारण तुझ्या मुलीने परदेशात काहीतरी सांगितलं होतं आणि ते खोटं पडू नये असं तुला वाटलं. आणि फोनवर मला फक्त एवढंच म्हणालीस, "घंटा छान आहे. थंडी होती का गं तिकडे?"

अनुप म्हणतो, आईंनी तुला अक्षरं शिकवली, वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं सगळं शिकवलं, मग ते खोटं कुठे? तो मला सावरायला म्हणतो. मला ती पळवाट नको. मी काकूंना हे सांगितलं नव्हतं. मी सांगितलं ते वेगळंच होतं.

आता काकूंना पाच सप्टेंबरला, शिक्षकदिनी, त्यांच्या महिला मंडळात तुझा सत्कार करायचा आहे. रोशनी म्हणते, तू नाही म्हणाली नाहीस. नाही म्हटलंस तर मी खोटी ठरेन, म्हणून तू साडीला इस्त्री करून ठेवलीस. जाऊ नकोस, आई. आणि जायचंच असेल, तर असं जाऊ नकोस. माझी सगळी अडचण अशी आहे की मी काकूंना आता खरं सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर खोटी ठरणार तू. तुला विचारल्याशिवाय ते करायचा मला हक्क नाही. म्हणून या पाकिटात काकूंना लिहिलेलं दुसरं पत्र ठेवलंय, उघडं. त्यात लिहिलंय की खोटं माझं होतं, तू फक्त ते सांभाळलंस, आणि पाटीचं जे सांगितलंस ते वर्गाच्या दाराबाहेर तीस वर्षं उभं राहून कमावलेलं आहे. वाच. पटलं तर रोशनीला तिकीट लावून टाकायला सांग. नाही पटलं तर फाडून टाक, मी पुन्हा विषय काढणार नाही. हेडमास्तर घड्याळ बघत असायचे, तरी रस्त्यावरून कुणी दप्तर सांभाळत पळत येताना दिसलं की तू हातोडा तसाच वर धरून थांबायचीस, ते आत आल्यावरच टोल द्यायचीस. मला फार उशीर झालाय, पण मी येते आहे. थोडं थांब.

तुझीच,
रेणू