पोरीची परीक्षा होऊ द्या, मग सांगा

आई, इतकी वर्षं झाली तरी तुझ्यावरचा राग जात नाही. आज तो लिहूनच काढते.

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट म्हणून एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवत होते. तिच्यात लिहिलेलं बारीक आज्ञांत उतरवणारा कंपायलर, आणि त्या आज्ञा पाळणारं व्हर्च्युअल मशीन. हे मशीन लोखंडाचं नसतं, तोही एक प्रोग्रामच असतो, असं तुला फोनवर समजावलं, तर तू म्हणालीस, "नसलेलं मशीन चालतं कसं गं माय?" सर म्हणायचे, बारीकसारीक चुका सोडून दे, प्रोग्राम पुढं चालू दे. मी हट्टाला पेटले. माझ्या भाषेत चूक झाली की मशीन जागीच थांबणार आणि कुठल्या ओळीत चुकलं ते सांगणार. लपवाछपवी मला चालणार नव्हती.

आणि तू? लातूरच्या दवाखान्यात खाटेवर पडून मला सांगतेस, "भाकरी थापायले बाई. लई मजेत हाय मी. तुझं मशीन झालं का?" मागं भांडी वाजतायत. मी वैतागून म्हणते, "आधी ती भांडी ठेव, काही ऐकू येत नाही." नंतर कळलं, तू अण्णांना, माझ्या बापाला, खाटेशेजारी ताटावर चमचा वाजवत बसवलं होतंस. मरणाच्या दारात असली नाटकं सुचतात कशी माणसाला? प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चांगली झाली. दुपारी मामा हॉस्टेलवर आला, "आईला जरा बरं न्हाई" म्हणाला. औशाला आपल्या घरी पोचले तर दारात तिरडी बांधून तयार. तू पहाटेच गेली होतीस, "पोरीची परीक्षा होऊ द्या, मग सांगा" असं सगळ्यांना बजावून. लेक शिकायला गेली म्हणजे काळीज घरी ठेवून जाते का गं? हा हक्क तुला दिला कुणी?

आता मी नांदेडातच मुलांना कंपायलर शिकवते. मागं माझ्या छातीत गाठ लागली, तेव्हा लातूरला बारावीला असलेल्या लेकीला मी त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. आपल्या घरात ते पुन्हा होणार नाही, या तोऱ्यात. दुसऱ्या दिवशी तिनं फिजिक्सचा पेपर अर्धा कोरा ठेवला. गाठ साधीच निघाली. लेक फोनवर रडत म्हणाली, "एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

हे पत्र कुठं जायचं नाहीच, म्हणून कबूल करते. राग तसूभरही कमी झालेला नाही. पण फोन ठेवला आणि पहिल्यांदाच वाटलं, तू असतीस तर तुलाच विचारलं असतं, असलं सांगायचं तरी कधी असतं.