चित्रांच्या पेटीची आणि घराच्या किल्लीची व्यवस्था

मी, सत्यभामाबाई अर्जुनराव चोपडे, वय अडुसष्ट, धंदा किराणा दुकान, राहणार नांदुरा, स्टेशनामागची गल्ली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करते. शुद्धीत आहे, पण सोमवारपासून मला असा हादरा बसला आहे की गिऱ्हाइकानं साखर मागितली तर मी मीठ तोलते, हेही लिहा, असं मी अर्जनवीस नारायणरावांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा. नाहीतर मी मेल्यावर लोक म्हणतीन, बुढीनं सारं काऊन फिरवलं?" माझं बोलणं ते शुद्ध करून लिहीत आहेत. करू द्या.

याआधीच्या मृत्युपत्रात राहतं घर मुलगा शेषराव याच्या नावे होतं. ते मृत्युपत्र आजपासून रद्द.

कलम पहिले. दुकानातला मोठा तराजू माझे दीर रंगराव यांना द्यावा. त्याची दांडी एका बाजूला झुकते. त्यांना तसल्याची सवय आहे. माझ्या पुस्तकांना त्यांनी चार माणसांत रद्दी म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही.

कलम दुसरे. पुस्तकांची लोखंडी पेटी गल्लीतल्या पोरींना द्यावी, आणि पेटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या पुष्पाबाईंच्या ओसरीवर राहावी. पुड्या बांधायला मुंबईहून रद्दीचे गठ्ठे येत. त्यात चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तकं निघायची, काही आपल्याकडची, काही परदेशातली. ती फाडायला माझा हात धजेना. अशी पुस्तकं पाहता पाहता मला त्यांची पारख आली. नव्याने वाचणारीने वरचं रंगीत चित्र पाहून भुलू नये, तलवारवाल्यांची पुस्तकं आत बहुतेक सारखीच निघतात. आतलं एखादं पान उघडावं. त्यात कोणी भांडी घासत असेल, जेवत असेल, नुसतं खिडकीत बसलं असेल, तर ते पुस्तक घरी न्यावं. अक्षर कळत नाही म्हणून घाबरू नये, चेहरे पाहावेत. एका चित्रावर थांबावंसं वाटलं तर थांबावं, पुस्तक कुठं पळून जात नाही. आणि परदेशातलं पुस्तक असेल तर ते कोणत्या बाजूनं उघडायचं, हे आधी चार जणींना विचारावं. हे शेवटचं मला कोणीच सांगितलं नाही हो!

कलम तिसरे. राहतं घर दुकानाच्या कमाईतून मी स्वतः घेतलं, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी माझी सून, शेषरावाची बायको आशाबाई हिला देते. आता कारण ऐका.

पेटीत एक जाड पुस्तक आहे. शाळेतल्या मास्तरांनी लिपी जपानी असावी एवढं सांगितलं, वाचता त्यांनाही आली नाही. पण गोष्ट मला तोंडपाठ होती. एक बाई पाठीवर बोचकं घेऊन कुलूपबंद दारापाशी उभी आहे, कुलपाला हात लावलेला. मग ती घरात एकटी, उंबऱ्यात वाट पाहणारी. मग आगगाडी, खिडकीत एक तरुण. मग तो रस्त्यानं चालतो. मग घरात दोघांची कडाक्याची भांडणं, तो बोचकं सोडतो. आणि शेवटी दोघं समोरासमोर बसून जेवतात.

माझा शेषराव जेवता जेवता भांडला, ताट भिरकावलं, बोचकं बांधलं आणि इथल्याच स्टेशनावरून गेला. तेव्हापासून मी ही गोष्ट आशाला दाखवत आले. चिखलीच्या मुलींच्या वसतिगृहात तिला शिवण शिकवायला बोलावतात, दर वर्षी बोलावतात. दर वर्षी मी म्हणते, "पाहय, तो येते. आधी भांडते, मंग जेवते. आल्यावर घराले कुलूप दिसलं तर?" ती एकदाच म्हणाली होती, "आत्याबाई, येऊन राह्यला तर मंग रस्त्यावर पाठमोरा काऊन?" मी म्हटलं, "लाजते तो." ती पुन्हा शिवणाच्या मशीनवर बसली.

सोमवारी समोरच्या घरात नव्याने राहायला आलेली कुलसुमबी आली. म्हणाली, "बाई, मैंने ऐसी किताब कभी देखी नहीं. मेरे को पहले कौनसी देते?" नव्या माणसाला मी नेहमी माझी सगळ्यात चांगली देते. ते जपानी पुस्तक दिलं. तिनं ते हातात घेतलं आणि मागून उघडलं. तिची उर्दूची सवय, उजवीकडून वाचायची. मी म्हटलं, "उलटं धरलं तू." ती आपली पानं उलटतच राहिली, आणि म्हणाली, "हाय अल्ला, ये तो चला गया!"

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, भलतंच काहीतरी बोलू नको. तिनं चित्रातल्या वाडग्यावर बोट ठेवलं. जेवताना समोर माशाचं चित्र असलेलं चिनी मातीचं वाडगं आहे, धड. भांडणाच्या पानावर तेच वाडगं, तोच मासा, दोन तुकडे. अरे देवा! फुटलेलं वाडगं जेवायच्या वेळी धड कसं होईल? इतकी वर्षं पाहिलं आणि दिसलं नाही. मी तांदळाच्या पोत्यावर बसले.

पुस्तक उर्दूसारखंच उजवीकडून वाचायचं होतं. तो आलेला नव्हता. तो जेवला, भांडला, बोचकं बांधलं आणि निघाला, म्हणून पाठमोरा. कुलसुमबी पुढे पाहतच होती. शेवटी तिनं माझं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. "और देखो, ये भी चली. खुद ताला लगाके." म्हणजे ती बाई कुलूप काढत नव्हती. लावत होती. अन् मी त्याच पानापासून आशाला वाट पाहायला शिकवत होते!

कलम चौथे. शेषराव कधी आलाच, तर त्याला ते जपानी पुस्तक द्यावं. कोणत्या बाजूनं उघडायचं ते त्याला कोणीही सांगू नये.

कलम पाचवे. घराचं पितळी कुलूप आणि किल्ली आशाबाईला द्यावी, म्हणजे तिला बाहेरून लावता येईल.

इथं नारायणराव थांबले. म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. तोवर किल्ली तुमच्याचपाशी." हे ऐकून मला दुसरा धक्का बसला. अन् मी अजून दहा वर्षं जगले तर? मी बसल्या जागेवरूनच हाक मारली, "आशा, बाहेर ये." ती हाताचा दोरा तोडत आली. कंबरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "चिखलीची गाडी सकाळी आहे." ती म्हणाली, "अन् तुमचं जेवण?" मी म्हटलं, "मले हात नाहीत का? अन् मी दुकानात निजतो. घराले कुलूप तूच लाव." ती माझ्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. मीही रडले. नारायणरावांनी टाक खाली ठेवला.

सबब कलम पाचवे रद्द. ती वस्तू आता माझ्या मालकीची नाही.

ठिकाण नांदुरा, जिल्हा बुलढाणा. दिनांक २० जून १९७४.

सही: सत्यभामाबाई अर्जुनराव चोपडे

साक्षीदार: शालूबाई नारखेडे, शेजारीण, डाव्या अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: कुलसुमबी शेख हबीब, सही उर्दूत, उजवीकडून

लिहिणार: नारायणराव, अर्जनवीस. मजकूर बाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा शेवटाकडून.